ढकलायला शिकण्याआधी ऐकायला शिका



‘ताई ची’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पहाटेची बाग, सैल कपडे, पाण्यातून फिरवावेत तसे सावकाश फिरणारे हात, आणि ते फिरवणारे बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. गुडघे चांगले राहावेत, मन शांत राहावं म्हणून करायचा व्यायाम! हे चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेल्या अर्ध्यात जमिनीवर आपटणारा पाय आहे, कमरेतून सुटणारा ठोसा आहे आणि समोर उभा असलेला एक जोडीदार आहे. तो आपल्याला ढकलतो आणि आपण त्याला.

मी गेली सहा वर्षे ही जुनी, जोरकस ताई ची शिकते आहे. मी तज्ज्ञ नाही, विद्यार्थिनीच आहे. पण बावीस वर्षे वर्गात उभी राहून जे मला उमगलं नव्हतं ते इथे उमगलं, म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकते. मुलांना जोर लावायला शिकवलंच पाहिजे. पण जोर एकट्याने शिकता येत नाही. समोरच्याच्या हातावर हात ठेवून, त्याचं ऐकत ऐकत तो शिकावा लागतो. आणि हे मुलांच्या आधी आपल्याला, म्हणजे शिक्षकांना आणि पालकांना, शिकावं लागेल.

ही विद्या आली कुठून?

चीनच्या हेनान प्रांतात, पीत नदीच्या उत्तरेला, छेनजियागोउ नावाचं गाव आहे. हे छेन घराण्याचं गाव. सतराव्या शतकात, मिंग राजवट संपली त्या सुमारास, याच घराण्यातल्या छेन वांगथिंग यांनी ही पद्धत बांधली असं मानलं जातं. पिढ्यान्‌पिढ्या ती घराण्यातच राहिली. पुढे छेन छांगशिंग (१७७१–१८५३) यांनी ती यांग लुछान या बाहेरच्या शिष्याला शिकवली. यांग बीजिंगला गेले आणि त्यांच्या घराण्यात तिचं रूप हळूहळू संथ, एकसारख्या लयीचं होत गेलं. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने या यांग पद्धतीवरून २४ हालचालींचा एक सोपा संच तयार केला. हेतू चांगला होता. सामान्य माणसाला सहज शिकता यावं आणि त्याची तब्येत सुधारावी. बागेतलं जे चित्र आपण पाहतो ते बरंचसं इथून आलेलं आहे. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीतही ताई चीचा समावेश केला.

सोपा संच वाईट नाही. माझ्या आईलाही मी तोच शिकवीन. पण मूळ नाव आहे ‘ताईजीछुआन’, आणि त्यातल्या ‘छुआन’चा अर्थ मूठ. बागेतल्या रूपात मूठ जवळजवळ गळून गेली आणि जोडीदारही गळाला. उरल्या त्या एकट्याने करता येतील अशा, पाठ करता येतील अशा हालचाली. आपल्या शाळांमध्येही असंच होतं ना? जे एकट्याने बसून करता येतं आणि तपासायला सोपं असतं ते टिकतं. जे दोघांमध्ये घडतं ते वेळापत्रकातून सगळ्यात आधी गळतं.

उखळ आणि आसूड

छेन पद्धतीत जो पहिला फॉर्म, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका, शिकवतात, त्याचं नाव ‘लाओजिया यीलू’. लाओजिया म्हणजे जुनी चौकट आणि यीलू म्हणजे पहिला मार्ग. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे ७४ किंवा ७५ हालचाली भरतात. त्यात सुरुवातीलाच एक हालचाल येते, ‘जिनगांग दाओ दुई’. जिनगांग म्हणजे आपलं ‘वज्र’च, बौद्ध मंदिरांच्या दारात उभे असणारे वज्रधारी रक्षक. तो रक्षक उखळात कुटतो आहे अशी ही हालचाल. डावा तळवा पोटासमोर उखळासारखा, उजवी मूठ वर उचललेली, उजवा गुडघाही वर. मग मूठ तळव्यात पडते आणि त्याच क्षणी पाय जमिनीवर पडतो.

‘पडतो’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. नवशिके पाय आपटतात. मीही आपटायचे आणि दुसऱ्या दिवशी टाच धरून बसायचे. आमचे सर म्हणायचे, “मुसळ कांडणारी बाई मुसळ खाली ढकलते का? ती ते उचलते. पडायचं काम मुसळाचं.” ज्यांनी आजीला कांडताना पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल.

पुढे याच फॉर्ममध्ये एक ठोसा येतो. तोपर्यंत सगळं रेशीम उलगडल्यासारखं चाललेलं असतं. छेन पद्धतीत हालचालींना ‘रेशीम गुंडाळणं’ असंच म्हणतात. कोषातून धागा काढताना हिसका दिला तर तो तुटतो, म्हणून हात, कंबर, पाय सगळं सलग, पीळ देत फिरतं. आणि मग एकदम मूठ सुटते. या सुटण्याला ‘फाजिन’ म्हणतात. जोर तळपायातून निघतो, मांडीतून वर येतो, कंबर त्याला वळवते आणि खांदा मध्ये न आडवता तो मुठीतून बाहेर पडतो. पोतराजाचा आसूड आठवा. दोर सैल असतो, मनगट थोडंसंच हलतं, आणि आवाज निघतो तो टोकाला. दोर काठीसारखा ताठ असता तर आवाज निघाला असता का?

माझा ठोसा पहिली दोन वर्षे काठीच होता. खांदे वर, दात घट्ट, कपाळावर आठ्या. जितका जोर लावावा तितका तो फुसका. सर म्हणायचे, “जोर लावू नका. जोर जाऊ द्या.”

पहिला मार्ग अंगात मुरल्यावरच दुसरा शिकवतात. त्याचं नाव ‘पाओछुई’, म्हणजे तोफेचा ठोसा. त्यात उड्या आहेत, झपाझप वळणं आहेत, पाय आपटणं आहे आणि एकामागून एक फाजिन आहे. पहिल्यात मऊपणा जास्त आणि कठीणपणा कमी, दुसऱ्यात उलट. पण क्रम बदलत नाहीत. ज्याला सैल होता येत नाही त्याच्या हाती तोफ देत नाहीत.

हातावर हात

आता मुख्य गोष्टीकडे येते. फॉर्म एकट्याने करतात, पण तो खरोखर आला की नाही हे एकट्याला कळत नाही. त्यासाठी ‘थुईशौ’ असतं. शब्दाचा अर्थ ‘ढकलणारे हात’. इंग्रजीतून आलेलं ‘पुश हॅण्ड्स’ हे नाव आपल्याकडे जास्त चालतं.

दोघे समोरासमोर उभे राहतात, दोघांचाही उजवा पाय पुढे. उजव्या मनगटाची मागची बाजू एकमेकांना टेकवायची. एकाने समोरच्याच्या छातीच्या दिशेने हळू ढकलायचं. दुसऱ्याने अडवायचं नाही. मागच्या पायावर वजन घेत, कंबर वळवत तो जोर आपल्या बाजूने जाऊ द्यायचा. मग तळहात फिरवून त्याने ढकलायचं आणि पहिल्याने तो घ्यायचा. हात आडवं वर्तुळ काढत राहतात. हा झाला पहिला प्रकार. पुढे दोन हात येतात, मग चालत चालत, मग कुठलाही क्रम न ठरवता.

नियम दोनच: सोडायचं नाही आणि भिडायचं नाही. हात सुटला तर समोरचा काय करतोय ते कळत नाही. भिडलात तर ज्याच्यात ताकद जास्त तो जिंकतो, आणि मग शिकण्यासारखं काही उरत नाही. या दोन्हींच्या मध्ये जी जागा आहे तिथे राहून समोरच्याचा जोर कुठून येतोय, कुठे संपतोय, हे त्वचेतून समजून घ्यायचं. याला चिनी भाषेत ‘थिंग जिन’ म्हणतात. थिंग म्हणजे ऐकणं. म्हणजे कानांनी नव्हे, हाताने ऐकायचं.

आपल्या कुस्तीतली खडाखडी तुम्ही पाहिली असेल. दोन पैलवान हात भिडवून एकमेकांचा अंदाज घेतात. थुईशौ काहीसं तसंच, पण खडाखडी कुस्तीच्या आधी संपते. इथे अंदाज घेणं हाच सगळा अभ्यास आहे.

माझा पहिला दिवस सांगते. दोन वर्षे फॉर्म झाला होता, सगळे चांगलं म्हणत होते. मनात थोडी ऐटही होती. समोर उभी होती अकरावीतली एक मुलगी, माझ्या खांद्याएवढी. मी ढकललं. तिने अडवलं नाही. ती मागच्या पायावर बसली, कंबर जराशी वळवली, आणि मी ज्याला ढकलत होते ते तिथे नव्हतंच. मी दोन पावलं पुढे धडपडले. तिने मला ढकललंसुद्धा नव्हतं.

“सॉरी काकू,” ती म्हणाली.

मी पुन्हा ढकललं, आणखी जोरात. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सर जवळ आले आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही सगळं घरूनच ठरवून येता. तिच्या हाताला काही विचारतच नाही.”

सातवीतला एक मुलगा

त्या रात्री मला झोप लागली नाही. धडपडल्याची लाज होतीच, पण कारण ते नव्हतं. मला सातवीच्या वर्गातला एक मुलगा आठवत होता. ही गोष्ट मी ताई ची सुरू करण्याच्या आधीची.

त्याचा गृहपाठ कधीच झालेला नसायचा. रोजचा संवाद ठरलेला.

“वही कुठाय?”

“विसरलो.”

“रोज कसा विसरतोस?”

“मग काय करू?”

वर्ग हसायचा. मी त्याला बाहेर उभं करायचे. मी एक ढकललं की तो एक ढकलायचा. मी आवाज चढवला की तोही चढवायचा. शेवटी वडिलांना बोलावलं. त्यांनी माझ्यासमोरच त्याच्या पाठीत एक घातली. “मारू नका हो,” असं मी तोंडाने म्हटलं. पण खरं सांगते, मनातून मला बरं वाटलं होतं. माझ्या बाजूने कुणीतरी जोर लावला होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आलाच नाही. पुढे उन्हाळ्यात एका पालकांकडून कळलं की तो रोज रात्री अकरापर्यंत मामाच्या वडापावच्या गाडीवर असायचा. तेव्हाही आणि आताही.

“मग काय करू?” मला तो उद्धटपणा वाटला होता. तो प्रश्न होता. त्याचा जोर कुठून येतोय ते त्याने मला रोज हातात आणून दिलं होतं, आणि मी रोज खांद्याने उत्तर देत होते. त्या वर्षी मी भिडले, आणि शेवटी वर्गाबाहेर काढून सोडलंही. दोन्ही नियम मी मोडले होते.

मऊ म्हणजे ढिलं नव्हे

इथे काही शिक्षक मित्र म्हणतील, “म्हणजे आता पोरांना काही बोलायचंच नाही का?” काही पालक उलट म्हणतील, “आम्ही तर कधीच जबरदस्ती करत नाही, त्याच्या कलाने घेतो.” दोघांनाही थुईशौमध्ये एकच उत्तर मिळतं.

ज्या दिवशी मी जोर लावायचा नाही असं ठरवून गेले, त्या दिवशी मी जास्त वेळा पडले. हात लुळा सोडला, आणि समोरच्याने तो माझ्याच छातीवर चेपून मला मागे सारलं. ताई चीत एक गुण सगळ्यांच्या आधी शिकवतात, त्याला ‘फंग’ म्हणतात. हवा भरलेल्या चेंडूसारखी अंगातली भरीव लवचीकता. चेंडू दाबला तर दबतो, पण चिरडत नाही. तो वळतो आणि आपला आकार परत घेतो. फंग नसेल तर मऊपणा हा निव्वळ ढिलेपणा. आणि ढिल्या हाताला समोरच्याचं काही ऐकूही येत नाही, कारण त्याच्यापर्यंत काही पोहोचतच नाही.

मूल हट्ट करतं, पालक लगेच मोबाइल हातात देतात. हे ‘कलाने घेणं’ नाही, हात सोडून देणं आहे. मुलाने ढकललं आणि समोर कुणी नव्हतंच. आणि शिक्षक नियमावर नियम लादतात तेव्हा मुलाला भिंत लागते. भिंतीकडून आणि पोकळीकडून मूल एकच गोष्ट शिकतं, आणखी जोरात ढकलायचं.

छेन फाके यांची गोष्ट

छेन घराण्यातले विसाव्या शतकातले थोर गुरू म्हणजे छेन फाके (१८८७–१९५७). १९२८ साली ते बीजिंगला आले आणि अखेरपर्यंत तिथे शिकवत राहिले. छेन पद्धत गावाबाहेर रुजली त्यात त्यांचा वाटा मोठा. त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगतात.

लहानपणी ते आजारी असायचे, त्यामुळे लाड व्हायचे, सरावाचा कंटाळा असायचा. वडील नोकरीनिमित्त परगावी. घरातली मोठी माणसं म्हणायची की या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चांगले जाणकार झाले, आता हा असा निघाला, म्हणजे विद्या संपलीच. मुलाला ते लागलं. त्यांचा एक चुलतभाऊ या विद्येत तरबेज होता. आपण त्याला कसं गाठणार, हेच मनात. एकदा दोघे शेताकडे निघाले असताना काहीतरी घरी विसरलं. भाऊ म्हणाला, “पळत जा आणि घेऊन ये. मी हळू चालतो.” मुलगा पळाला, परत आला, आणि त्याने भावाला गाठलं. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला: भाऊ रोज जितका सराव करतो त्याच्या दुप्पट-तिप्पट केला तर त्यालाही असंच गाठता येईल. काही वर्षे त्याने तसा सराव केला आणि मग त्याच भावाला थुईशौसाठी बोलावून त्याच्यावर मात केली.

ही गोष्ट मेहनतीचं महत्त्व सांगायला वापरतात, आणि ते बरोबरच आहे. पण शिक्षक म्हणून मला त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. मोठ्यांच्या टोमण्यांनी मुलाला नुसतं दुखावलं. रस्ता सापडला तो भावाच्या “मी हळू चालतो” या साध्या वाक्यातून. आणि इतका सराव करूनही आपण कुठे पोहोचलो हे त्याला भावाच्या हातावर हात ठेवल्यावरच कळलं. जो थांबला तोच पुढे परीक्षाही झाला. आपल्या मुलांना असा भाऊ, असा शिक्षक मिळतो का?

मग करायचं काय?

पालकहो, तुमचं मूल ताई ची, कराटे किंवा दुसरी कुठलीही अशी विद्या शिकत असेल, तर क्लासमध्ये तीन गोष्टी विचारा. नुसता फॉर्म आणि प्रात्यक्षिकंच चालतात की जोडीने सरावही होतो? जोडीच्या सरावात हरलेल्या मुलाशी सर काय बोलतात? आणि जमीन कशी आहे? सिमेंटच्या फरशीवर पाय आपटायला लावत असतील तर स्पष्ट नाही म्हणा. वाकवलेला गुडघा आत कलत असेल आणि कुणी सांगत नसेल, तर तेही धोक्याचं.

जोरकस हालचालींना मात्र घाबरू नका. मुलांच्या अंगात जोर असतोच. त्याला वाट दिली नाही तर तो मधल्या सुट्टीत धाकट्या भिडूच्या पाठीवर निघतो. ‘शांत बस’ म्हणून तो जात नाही. उखळात मुसळ कसं पडतं ते त्याला दाखवा.

आणि आज रात्री जेवणानंतर पाच मिनिटं हे करून पाहा. मुलासमोर उभे राहा, उजवा पाय पुढे, मनगटाला मनगट. त्याला आधी ढकलू द्या. सोडायचं नाही, भिडायचं नाही. जोर तुमच्या अंगावर आला की मागच्या पायावर बसा, कंबर वळवा, त्याला जाऊ द्या. मग तुम्ही हळूच ढकला. बोलायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तुम्हाला जाणवेल की मूल कुठे घाबरतं, कुठे चिडतं, कुठे गंमत करतं. आणि त्यालाही तुमच्याबद्दल तेच कळेल. याची तयारी ठेवा.

शिक्षक मित्रहो, वर्गात चाळीस मुलांच्या हातावर हात ठेवणं शक्य नाही, हे मला माहीत आहे. मी एवढंच करते: ज्या मुलाशी माझी रोज तीच तीच वाक्यं होतात, त्याचं नाव वहीत लिहिते. दुसऱ्या दिवशी पहिलं वाक्य मी बदलते. “का नाही केलंस?”च्या जागी “काल संध्याकाळी कुठे होतास?” असं विचारते, तेही एकट्याला, बाकाशेजारी बसून. दर वेळी उपयोग होतोच असं नाही. गेल्या वर्षी दोन मुलांनी नुसते खांदे उडवले. एकीने सांगितलं की धाकट्या भावाला तीच सांभाळते, आई रात्रपाळीला असते. मग गृहपाठ मधल्या सुट्टीत करायचा असं आमचं ठरलं. तो तिने केला, बहुतेक दिवस.

त्या सातवीतल्या मुलाला मी दोन वर्षांपूर्वी रस्त्यात पाहिलं. आता त्याची स्वतःची गाडी आहे. मी वडापाव घेतला. त्याने मला ओळखलं, पैसे घेतले नाहीत आणि काही बोललाही नाही. मला विचारायचं होतं, पण मागे गिऱ्हाईक उभं होतं. पुन्हा एकदा जायला हवं, गर्दी नसेल त्या वेळी.